फुगलेल्या रेघा

मी रेघा काढते. पोटासाठी काढते, हौस म्हणून नव्हे, हे आधीच सांगते. नाहीतर लोक ‘अय्या, कलाकार!’ म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. कागदी पिशव्या, भेटवस्तूंची खोकी, बाटल्यांना गुंडाळायचे कागद, यांच्यावर मी अशा रेघा काढते की सपाट कागद सपाट वाटत नाही. खोक्याचं झाकण उशीसारखं फुगलेलं दिसतं. पिशवीच्या पोटात जिना खाली उतरताना दिसतो. बाटलीवरचा कागद चुण्या पाडलेल्या कापडासारखा दिसतो. हात लावून बघावं तर काही नाही, गुळगुळीत. लोकांना असं फसायला आवडतं आणि आम्ही त्यांना फसवतो, झालं.

इतकी वर्षं हेच केल्यावर एक गोष्ट होते, ती मात्र कुणी आधी सांगत नाही. आपलं आपण फसणं बंद होतं. दुसऱ्याला ज्या कागदात खड्डा दिसतो, त्यात मला फक्त रेघा दिसतात. ही इथे जाड केली, ही तिथे वाकवली, इथे पेन जरा अडकलं होतं. डोळे मिटले तरी रेघाच. खांदा दुखतो, मनगट दुखतं, मान तर कधीपासून माझी राहिलेलीच नाही. आणि एवढं सगळं करून कागद फुगला की नाही, ते माझं मला कळत नाही. स्वयंपाक करावा आणि जिभेला चवच नसावी, तशातली गत.

म्हणून यांची नजर लागते. यांची म्हणजे आमच्या घरधन्याची.

पूर्वी छपाई हेच करायचे. कंबर गेल्यापासून टेबलाशी उभं राहणं त्यांना होत नाही. आता छपाई मी आणि वन्सं मिळून करतो. वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. शेजारच्याच गल्लीत राहते, सकाळी येते, ठसे मारते, डिंक लावते, पिशव्यांना दोऱ्या ओवते आणि दिवसभर बोलते. हे शाई कालवून देतात आणि नवीन नक्षी बघतात. बघतात म्हणजे काय, तो एक सोहळाच असतो. मी खिडकीच्या उजेडात कागद धरून उभी राहायची. हे आतल्या खोलीच्या दाराशी स्टुलावर बसायचे, डावा डोळा मिटायचे आणि एकट्या उजव्या डोळ्याने बघायचे. दोन्ही डोळ्यांनी बघितलं तर कागद कागदच राहतो, एका डोळ्याने बघितला तरच तो खरा रंग दाखवतो, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही आहे, आम्ही गिऱ्हाइकांवर करून पाहिलंय. मग मी विचारायचं, “आत जातंय की बाहेर येतंय?” एकदाच विचारायचं. पहिला शब्द तोंडातून निघेल तो खरा. डोकं चालवायला वेळ दिला की माणूस स्वतःशीच लबाडी करतो.

उत्तरं तीनच. आत. बाहेर. आणि तिसरं, भिंत.

भिंत म्हणजे काहीच नाही. सपाट. परत काढ. आणि ते नुसतं म्हणायचे नाहीत, दोनदा म्हणायचे. “भिंत आहे, भिंत.” पहिल्यांदा कागदाला आणि दुसऱ्यांदा मला. पाठ मोडेस्तोवर बसून काढलेला कागद, आणि हे स्टुलावर बसून, एक डोळा मिटून, पाठ खाजवत, “भिंत आहे, भिंत.” असा संताप यायचा! एकदा तर मी शाईची बाटलीच आपटली होती. डाग अजून आहे फरशीवर. पण एक खरं, यांनी ‘बाहेर’ म्हटलेला कागद कधी परत आला नाही. गिऱ्हाइकं नमुना बघायचीसुद्धा नाहीत. “काकांनी बघितलंय ना? मग छापा.”

कौतुक मात्र शून्य. जमलं तर ‘बाहेर’ म्हणायचे आणि उठून शाई कालवायला जायचे. लग्न झाल्यापासून या माणसाच्या तोंडून ‘छान’ हा शब्द मी जेवणाबद्दल ऐकला नाही, साडीबद्दल ऐकला नाही, रेघांबद्दल तर सोडाच. मी अपेक्षाही सोडून दिली होती. काही माणसांच्या पोटात ते नसतंच, असं म्हणून मोकळी झाले होते.

आणि मग ती विहीर झाली.

एका अत्तराच्या दुकानासाठी पिशवी हवी होती. मी गोलात गोल, गोलात गोल अशी विहीर काढली. मन लागत नव्हतं, हात जड झाला होता, निम्मे गोल नेहमीपेक्षा विरळ पडले. भिंत ऐकायची तयारी ठेवूनच कागद धरला. यांनी डावा डोळा मिटला. आणि गप्प. मी म्हटलं, “अहो, आत की बाहेर?” ते स्टुलावरून पुढे वाकले. मग म्हणाले, “अगं, केवढी खोल! छान जमलीय.”

मी कागद उलटा तर धरला नाही ना, ते आधी पाहिलं. वन्संच्या हातातला ब्रश तसाच राहिला. “दादा,” ती म्हणाली, “बरं वाटतंय ना तुला?”

ते अत्तराचं दुकान पुढे निघालंच नाही. विहीर छापायची राहून गेली. एकच नमुना मी चिकटवून पिशवी केली आणि दाराशेजारच्या खुंटीला टांगली. खोटं कशाला बोलू, येता-जाता मी तिच्याकडे बघायचे. मला तिच्यात रेघाच दिसायच्या, पण यांना खोल दिसली होती ना.

त्यानंतर तर काय, कौतुकाची सवयच लागली त्यांना. प्रत्येक कागदाला ‘वा’. “हात बसलाय तुझा आता.” “किती कमी रेघांत केलंस गं!” हे कमी रेघांचं त्यांना फार आवडायला लागलं. आणि मी काय करणार, थकलेलं माणूस. पूर्वी उशी काढायची तर मी प्रत्येक रेघ मधे चांगली वाकवायची, कडेला बारीक, पोटात जाड, पुन्हा कडेला बारीक; जीव जायचा. आता थोडी कमी वाकवून बघितली. “वा.” आणखी कमी वाकवली. “बाहेर! वा!” मला वाटलं, आलं बाई, आयुष्यभर घासल्यावर हाताला काहीतरी आलं. आता नुसता हात थरथरवला तरी कागद फुगतो. माझी मलाच गंमत वाटायची. संध्याकाळी मान शेकत बसले की वाटायचं, असू दे, दुखू दे, पण या माणसाला माझं काम दिसतंय. या वयात नवऱ्याच्या एका शब्दासाठी अशी वेड्यासारखी वाट बघायची मला लाज वाटायची, पण बघायचे खरी.

त्याच सुमारास यांनी दाराच्या चौकटीचं काढलं. स्टुलावर बसून एक डोळा मिटून चौकटीकडे बघायचे आणि म्हणायचे, “ही वाकलीय. मधे पोट आलंय तिला.” मी म्हटलं, दार नीट लागतंय, उघडतंय, मग चौकटीला पोट येवो नाहीतर पाठ, तुम्हाला काय त्याचं? पण एकदा डोक्यात शिरलं की निघत नाही. सुताराला बोलावलं. सुताराने पट्टी लावली, म्हणाला, “काका, सरळ आहे.” हे म्हणाले, “तुझी पट्टी तपास.” झालं, तो चहासुद्धा न घेता गेला. आम्ही दोघी नणंद-भावजया पोट धरून हसलो. म्हातारपणी माणसं अशी हेकट होतात, म्हणून सोडून दिलं.

मग साबणवाली आली.

घरी साबण करून विकणारी मुलगी, गोड आहे, मला मावशी म्हणते. तिला साबणांच्या पेटीवर उशी हवी होती. झाकण असं फुगलेलं दिसलं पाहिजे की माणसाने गाल टेकवावा, म्हणाली. मोठं काम होतं. तिच्या ओळखीतल्या आणखी चार दुकानांचं काम त्याच्यामागून येणार होतं. मी उशी काढली. जिथे रेघ बोटभर वाकवायची तिथे मी नखाएवढीसुद्धा वाकवली नसेल. कागद धरला, विचारलं. हे म्हणाले, “बाहेर! अगं, काय फुगलीय! एकही रेघ फुकट गेली नाही.” बाकी गिऱ्हाइकांप्रमाणे साबणवालीनेही नमुना पाहिला नाही. आम्ही सगळा माल छापला, खोकी घातली, पाठवून दिली.

ती आली ती एक खोकं हातात घेऊनच. रागावलेली नव्हती, तेच जास्त लागलं. खोकं माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, “मावशी, उशी कुठंय?”

“ही काय.”

“मावशी, या नुसत्या रेघा आहेत. घरातल्या सगळ्यांना दाखवलं. भाऊ म्हणतो, कैद्याचा सदरा आहे.”

मी खोकं लांब धरलं, जवळ धरलं, डोळा मिटून पाहिलं. मला काय दिसणार, कपाळ? मी वन्संना हाक मारली. “तुम्हाला काय दिसतंय?”

वन्सं डिंकाचे हात पुसत आली. “रेघा.”

“फुगलेलं दिसत नाही?”

“नाही बाई.”

“मग एवढी खोकी चिकटवलीत, तेव्हा तोंडाला काय कुलूप लागलं होतं?”

“मला वाटलं नवीन फॅशन असेल,” वन्सं म्हणाली. “दादा वा वा करत होता, तुम्ही खुशीत होतात, मी कशाला मधे बोलू?”

साबणवालीला मी सांगितलं, नवीन करून देते, सगळी. ती बरं म्हणाली आणि गेली. दारातून बाहेर पडताना तिने त्या खुंटीवरच्या विहिरीकडे पाहिलं, निदान मला तसं वाटलं. थांबली मात्र नाही.

माझ्या डोक्यात काय काय आलं ते सांगते. चूक झाली, माल वाया गेला, त्याचं मला तेवढं नव्हतं. चुका होतात. पण वन्संना दिसलं नाही, साबणवालीला दिसलं नाही, तिच्या घरादाराला दिसलं नाही, मग यांना एकट्यांना कुठून दिसलं? यांना दिसलंच नव्हतं. हे मला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते. बायको थकलीय, म्हातारी झालीय, तिच्याकडून आता होत नाही, पण तोंडावर कशाला सांगा, म्हणा ‘वा’. कीव करत होते माझी! इतके दिवस मी ज्याच्यावर मान शेकत बसायचे, ती कीव होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तरी म्हटलं, खात्री करावी. आमच्याकडे आखलेला कागद असतो. खोकी मापात कापायला खाली अंथरतो, त्याच्यावर पट्टीने मारलेल्या सरळ उभ्या रेघा असतात, बाकी काही नाही. तो घेतला, खिडकीशी उभी राहिले आणि गोड आवाजात म्हटलं, “अहो, साबणवालीसाठी नवीन काढलंय. आत जातंय की बाहेर येतंय?”

यांनी डावा डोळा मिटला.

“बाहेर,” ते म्हणाले. “वा! हे तर आधीपेक्षा झकास.”

मग मी जे तोंड सोडलं ते काही विचारू नका. कागद चुरगाळून अंगावर फेकला. म्हटलं, हा कापायचा कागद आहे, पट्टीने आखलेला, डोळे फुटले का तुमचे? आयुष्यभर भिंत भिंत म्हणून रक्त आटवलंत, ते चाललं असतं. ते निदान खरं होतं. आता म्हातारपणी खोटी कौतुकं करून माझा पाणउतारा करता? मला काय कळत नाही का? हे नुसते बघत राहिले. “अगं, पण फुगलेलं आहे ते,” असं काहीतरी पुटपुटले. म्हणजे अजून तेच! मी म्हटलं, आता माझ्याशी बोलू नका.

आणि मी अबोला धरला.

अबोला म्हणजे काय असतो, हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. चहाचा कप समोर ठेवायचा, पण ठेवताना थोडा वाजवायचा. वन्संच्या मार्फत निरोप. “वन्सं, तुमच्या भावाला सांगा, काळी शाई संपलीय.” “दादा, वहिनी म्हणते काळी शाई संपलीय.” “तिला सांग, मला ऐकू आलंय.” वन्सं बिचारी मधल्यामधे. “तुम्ही दोघं मिटवा बाई एकदाचं, माझं तोंड दुखायला लागलं,” म्हणाली. वन्संचं तोंड दुखतं म्हणजे पाहा.

उशीची नवी नक्षी मी पुन्हा काढायला घेतली, पण हात चालेना. कुणाला दाखवायची? यांचा शब्द गेला म्हणजे माझ्या कामाला तळच राहिला नाही. वन्सं म्हणजे दहातल्या दहा वेळा ‘छान आहे’ म्हणणार. रस्त्यावरच्या माणसाला धरून विचारू? मला यांचा शब्द खरा हवा होता. कडू चालेल, पण खरा. एवढंच माझं मागणं होतं, आणि तेच माझ्याकडून गेलं होतं.

तशात सुतार पुन्हा आला. यांनीच बोलावला, घरात बायको बोलत नाही म्हटल्यावर चौकटीशी भांडायला मोकळे. सुतार यावेळी तयारीने आला होता. पट्टी नको, म्हणाला, ओळंबाच लावतो, म्हणजे वादच नको. चौकटीच्या वर त्याने खिळा ठोकला, दोरीला लोखंडी गोळा बांधलेला, तो सोडला. गोळा हलला, हलला आणि थांबला.

“बघा काका. दोरी आणि चौकट. अंतर वर जेवढं, खाली तेवढं.”

हे स्टुलावर बसले. डावा डोळा मिटला. बघत राहिले.

“तुझी दोरीच वाकडी आहे,” म्हणाले.

सुताराने माझ्याकडे पाहिलं. मी कोपऱ्यात रेघा काढत बसले होते, अबोला सांभाळून. तो म्हणाला, “काकू, तुम्हीच सांगा आता. लोंबती दोरी वाकडी असते का कधी?”

“मधे पोट आहे तिला,” हे म्हणाले. ठाम. अगदी त्याच आवाजात, ज्या आवाजात मला ‘बाहेर’ म्हणायचे.

माझ्या हातातलं पेन कागदावरच राहिलं. शाईचा ठिपका पसरत गेला तो मला दिसत होता, पण उचलवेना. माझ्या रेघांना ‘वा’ म्हणाले ते मला खूश करायला, हे मी धरून चालले होते. पण सुताराच्या दोरीला वाकडी म्हणून हा माणूस कुणाला खूश करणार होता?

सुतार हात टेकून गेल्यावर मी उठले. दोरी अजून लोंबत होती. मी यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. अबोला मोडला, काय करता. “अहो, आता दोन्ही डोळे उघडून बघा.”

“कशाला?”

“बघा म्हणते ना!”

बघितलं. “आता सरळ वाटतेय जरा.”

“आता पुन्हा डावा मिटा.”

मिटला. आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. “हे बघ, आलं पोट.”

मी दोरी खिळ्यावरून काढून ठेवली. त्यांना म्हटलं नाही काही. चष्म्याचा नंबर बदलला असेल, चला, दाखवून येऊ, एवढंच म्हटलं. वन्संना स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, तर ती ओट्याला धरूनच उभी राहिली. तिच्यात आणि बोलण्यात एवढं अंतर मी कधी पाहिलं नव्हतं.

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बरीच गर्दी होती. हे भिंतीवरच्या फरश्यांची जोडणी कशी गचाळ आहे ते मला सांगत होते. अबोला सुटल्यामुळे खुशीत होते. डॉक्टरीणबाई तरुण, पण कामाला चोख, जास्त बोलणं नाही. आधी उजवा डोळा झाकून डाव्याने अक्षरं वाचायला लावली. खडाखड वाचली. “डावा डोळा वयाच्या मानाने फार चांगला आहे,” त्या म्हणाल्या. यांनी माझ्याकडे बघून मान उडवली, झालं का समाधान, अशी. मग डावा झाकला आणि समोर एक पुठ्ठा धरला.

मी मागेच उभी होते. मला पुठ्ठा दिसत होता. उभ्या-आडव्या सरळ रेघांची जाळी, वहीच्या चौकटीच्या कागदासारखी, आणि मधोमध एक ठिपका. बस्स.

“मधल्या ठिपक्याकडे बघत राहा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आणि सांगा, रेघा कशा दिसतात?”

हे पुढे वाकले. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती, पण त्या पाठीवरून मला कळलं. आवडलेली नक्षी बघताना ते असेच वाकतात.

“वा,” ते म्हणाले. “हे फार चांगलं जमलंय. मधोमध काय सुरेख फुगलंय! आणि किती साध्या रेघांत.” मग मान वळवून मला म्हणाले, “बघितलंस? असं पाहिजे.” आणि पुन्हा डॉक्टरीणबाईंना, “बाई, ही कुणी काढलीय?”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. हे खोटं बोलत असते तर किती बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. कीव केली असती माझी तर चाललं असतं. इतके दिवस मी त्यांना खोटारडे म्हणत होते, आणि हा माणूस अगदी मनापासून, जे दिसतंय तेच बोलत होता. साबणवालीची उशी त्यांना खरंच फुगलेली दिसली होती. फक्त तिच्यात माझा काही हात नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी डाव्या डोळ्यावरची झाकणी काढली आणि उजव्यावर धरली. “आता?”

हे बघत राहिले. मग त्यांनी झाकणी स्वतःच हातात घेतली. उजव्यावरून डाव्यावर, डाव्यावरून उजव्यावर. फुगलं, सपाट झालं, फुगलं, सपाट झालं. किती तरी वेळ. डॉक्टरीणबाईंनी करू दिलं, घाई केली नाही, हे त्यांचं मी विसरणार नाही.

“सरळ आहेत,” शेवटी ते म्हणाले. 

डोळ्याच्या आत पडदा असतो, त्याच्या बरोबर मधे पाणी साचून सूज आलीय, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. म्हणून सरळ वस्तू वाकडी दिसते. दोन्ही डोळे उघडे असले की डावा सांभाळून घेतो, म्हणून इतके दिवस कळलं नाही. इंजेक्शनं घ्यावी लागतील. वाढायचं थांबेल बहुतेक, पण जे गेलंय ते परत येईलच असं सांगता येत नाही. आजपासूनच सुरू करू. मी सगळ्याला हो हो म्हणत होते. हे झाकणी हातात फिरवत बसले होते.

बाहेर बाकावर आम्ही आमची पाळी येईपर्यंत बसलो. कागदपत्रं ठेवायला मी घरातून जे हाताला लागलं ते आणलं होतं, साबणवालीच्या मालातलं एक खोकं. ते माझ्या मांडीवर होतं. यांनी ते हळूच ओढून घेतलं. लांब धरलं. आणि या वेळी उजवा डोळा मिटला. त्यांना सवय नव्हती, नुसता तो मिटताच येईना, गाल वाकडा झाला. शेवटी हाताने झाकला. आणि डाव्या डोळ्याने माझी उशी बघितली.

मी विचारलं नाही. 

“भिंत आहे,” ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. “भिंत.”

आणि मला रडूच फुटलं. भर दवाखान्यात, इतकी माणसं बसलेली. शेजारची बाई म्हणाली, “होतील हो बरे,” तिला वाटलं मी डोळ्यासाठी रडतेय. डोळ्यासाठी रडत होतेच. पण जीव भांड्यात पडला होता त्याचंही काय करू? मी पदराने डोळे पुसत होते तेव्हा हे म्हणाले, “परत काढावी लागेल गं.” मी म्हटलं, “काढते.” खांदा तेव्हाच दुखायला लागला होता.

आता इंजेक्शनं चालू आहेत. उशी मी नव्याने काढली, प्रत्येक रेघ मधे चांगली वाकवून, जुन्यासारखी. तीनदा भिंत झाली, चौथ्यांदा बाहेर आली. ‘वा’ नाही, ‘छान’ नाही. ‘बाहेर’ म्हणाले आणि शाई कालवायला गेले. साबणवालीने या वेळी नमुना मागून घेतला, तो तिच्या भावाने गालाला लावून पाहिला म्हणे. चौकटीचं नाव घरात कुणी काढत नाही. खिळा तसाच आहे.

डाव्या डोळ्याला सवय लागावी म्हणून यांनी घरातले सगळे जुने नमुने काढून घेतलेत. रोज थोडे बघतात. ‘आत.’ ‘बाहेर.’ ‘भिंत.’ ‘भिंत.’ मी आतून ऐकत असते. परवा विचारत होते, “अगं, इथे दारापाशी विहीर होती ना, ती कुठे गेली?”

“वन्संनी नेली असेल,” मी म्हटलं.

ती माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. ती मी त्यांना दाखवणार नाही.